टॉवेलाला खोळ

शिमगा होऊन आठवडा झाला होता. दुपारचे अडीच वाजले असतील. मी स्वयंपाकघरात सोलकढीसाठी नारळ खवत होते आणि बाहेरून "आई गं" असा आवाज आला. मोठ्याने ओरडलेला नव्हे, दाबून धरलेला. खोबऱ्याचे हात तसेच घेऊन बाहेर धावले. आमच्या न्याहारी निवासात नाशिकहून पाहुण्या म्हणून आलेल्या आजी लाउंजरवर, म्हणजे मागच्या अंगणातल्या लोळायच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, अर्धवट उठून बसल्या होत्या. एका हाताने खुर्चीची कड घट्ट धरलेली, दुसरा दंड छातीशी ओढून घेतलेला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्यांना चारच महिने झाले होते, त्यामुळे झटकन उठणं त्यांना जमणारच नव्हतं.

झालं होतं एवढंच. चहा घ्यायला म्हणून आजी दहा मिनिटं पुढे सरकून बसल्या होत्या. तेवढ्यात पाठीवरचा टॉवेल खाली घसरून कमरेमागे गोळा झाला. सुरूच्या झाडाची सावली सरकली होती आणि उघड्या पडलेल्या चॉकलेटी प्लास्टिकवर ऊन आलं होतं. चहा संपवून आजी विश्वासाने मागे टेकल्या. टॉवेल तिथे असणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मानेला आणि उघड्या दंडाला तापलेलं प्लास्टिक लागलं. दंडाच्या मागे तीन लाल पट्ट्या उमटल्या, खुर्चीच्या फळ्यांच्या मापाच्या, मधल्या फटी सोडून.

त्यांना धरून मोरीपर्यंत नेलं, दहा-पंधरा मिनिटं दंडावर साधं पाणी सोडलं, मग सासूबाईंनी परसातली कोरफड आणून गर लावला. फोड आला नाही. आजी उलट मलाच समजावत होत्या, "अगं, काही नाही झालं, तू का रडतेस?" पण मला रडू येत होतं. आमच्याकडे माणूस विसावा घ्यायला येतो. चार दिवस पाठ टेकायला येतो. आणि त्या पाठीखालचं कापड मला जागेवर ठेवता येत नव्हतं.

त्या दिवसापासून हा विषय मी डोक्यातून काढला नाही. मध्ये दोन हंगाम गेले. आता माझ्या चारही खुर्च्यांवरचे टॉवेल जागेवर राहतात. ओळखीतल्या दोन-तीन घरांनी विचारलं म्हणून आणि आजींचं देणं म्हणून सगळं इथे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर देवबागेत. तारकर्लीच्या पुढे जमिनीची जी चिंचोळी पट्टी जाते, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, तिच्यावर. तीन खोल्यांचं न्याहारी निवास आहे. मागच्या दाराने बाहेर पडलं की सुरूची झाडं, आणि झाडांच्या पलीकडे वाळू. झाडांखाली चार खुर्च्या मांडल्या आहेत. पाहुणे त्यांना लाउंजर म्हणतात, गोव्याकडे बीच बेड म्हणतात, आमच्या सासूबाईंची ती 'लोळूची खुर्ची'. आधी आमच्याकडे लाकडी होत्या, गावातल्या सुताराने केलेल्या, फणसाच्या. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा दोन सुरू त्यांच्यावर आडवे झाले. मग प्लास्टिकच्या घेतल्या. खाऱ्या हवेत गंजत नाहीत, वाळू झटकली की स्वच्छ, उचलायला हलक्या. साधारण सव्वासहा फूट लांब, दोन फूट रुंद, पाठ चार खाचांमध्ये वरखाली होते.

त्यांच्यात एकच खोट. प्लास्टिकला धरून ठेवण्याचा गुण नाही. लाकडावर टॉवेल अंथरला की लाकडाचे बारीक तंतू त्याला पकडायचे. इथे तो तरंगल्यासारखा पडतो.

पहिले कितीतरी महिने मी वाऱ्याशीच भांडत होते. आमच्याकडे वारा काय असतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे अंगणात रोज चालतात. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. अकराच्या सुमाराला जमिनीवरची हवा तापून वर जायला लागली की समुद्रावरून वारा आत शिरतो. दोन ते चार ही त्याची भरात असण्याची वेळ. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तर वायव्येकडून असा येतो की वाळत घातलेली परकरं दोरीवर आडवी होतात. दिवेलागणीला पडतो, आणि रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे पाहुण्यांची झोपायची वेळ आणि वाऱ्याची अंगात येण्याची वेळ एकच.

तर वाऱ्यासाठी मी काय काय केलं. आधी जांभ्याचे तुकडे चारी कोपऱ्यांवर ठेवले. टॉवेल राहिला, पण त्यावर तांबडी माती उतरली, आणि एका लहान मुलाच्या पायावर तुकडा पडता पडता राहिला. ते त्याच दिवशी बंद. मग कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे. खुर्चीची कड जाड, चिमट्याचा जबडा तेवढा उघडत नाही. ओढूनताणून लावले तरी उन्हाने ते दोन महिन्यांत ठिसूळ झाले आणि हातात तुटायला लागले. तुटलेल्या चिमट्याची धार वाळूत अनवाणी पायाला फार वाईट. मग कागद धरायच्या काळ्या क्लिपा आणल्या, मोठ्यातल्या मोठ्या. पकड उत्तम. पण खारी हवा आठ दिवसांत लोखंडाला गाठते, आणि टॉवेलवर गंजाचे डाग असे बसले की लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवून निम्मेच निघाले. बाजारात खास टॉवेलसाठीचे मोठे रंगीत चिमटेही मिळतात, माशाच्या आणि पोपटाच्या आकाराचे. ते बरे आहेत. चार दिवसांच्या सहलीला जाणाऱ्याने तेच न्यावेत. पण रोज वापरून, रोज उन्हात ठेवून त्यांची स्प्रिंग ढिली पडते, आणि मला दर हंगामाला नवं प्लास्टिक फेकायचं नव्हतं.

वेल्क्रोही करून पाहिला. एक पट्टी खुर्चीला चिकटवली, एक टॉवेलला शिवली. हे कुणीही करू नये म्हणून सांगते. वेल्क्रोची जी आकड्यांची बाजू असते ती टॉवेलच्या फासांतच अडकते आणि ओढताना धागे उपटून काढते. तीन टॉवेल असे भुंडे झाले. शिवाय बारीक वाळू आकड्यांत बसली की पकड संपलीच. जावेने सुचवलं म्हणून इलॅस्टिक लावून गादीवरच्या चादरीसारखं घट्ट बसवून बघितलं. पंधरा दिवस दृष्ट लागण्यासारखं दिसलं. मग खारं पाणी आणि ऊन, इलॅस्टिक लोंबायला लागलं. कपाटाच्या खणात घालतात ती रबराची जाळीदार चटई टॉवेलखाली घातली. ती खरंच धरून ठेवते. पण उन्हात तापून खुर्चीला चिकटली आणि मेअखेर तिचे तुकडे वाळूतून वेचत बसावं लागलं.

या सगळ्यात माझं एक चुकत होतं, आणि ते माझ्या लक्षात आणून दिलं सासूबाईंनी. आजींचं भाजलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वाऱ्याच्या नावाने बोलत होते. सासूबाई ओट्यावर कोकमं फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गो, वाऱ्याक कित्याक दोष देतस? वारो काल खंय होतो? माणूस उठता-बसता, तेच्यावांगडा टॉवेल येता."

माणसाबरोबर टॉवेल सरकतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. आदल्या दिवशी दुपारी हवा कोंदटली होती. सुरूची सुईसुद्धा हलत नव्हती.

दुपारी पाहुणे जेवून खोलीत गेल्यावर मी स्वतः लाउंजरवर जाऊन पडले. आधी घरातला पांढरा खडू घेतला आणि टॉवेलची वरची कड जिथे येते तिथे खुर्चीवर रेघ मारली. पाठ तिसऱ्या खाचेवर, म्हणजे बऱ्यापैकी उभी. केस ओले होते, गाऊन पाठीला जरासा ओला. नेहमीसारखी पडले, मासिक वाचलं, दोनदा कूस बदलली, एकदा पाणी प्यायला उठून बसले. अर्ध्या तासाने बघितलं तर टॉवेल रेघेपासून एक वीत आणि चार बोटं खाली आला होता. वाऱ्याचा काही संबंध नाही. मग पाठ पूर्ण आडवी करून तेवढाच वेळ पडले. दोन बोटंसुद्धा सरकला नाही.

मग कळलं काय होतं ते. पाठ उभी असली की आपण नकळत खाली घसरत असतो. कंबर पुढे जाते, पाठ खाली येते, मग पायाने रेटून पुन्हा वर सरकतो. टॉवेल अंगाला चिकटलेला असतो, ओला असेल तर जास्तच, आणि खालचं प्लास्टिक गुळगुळीत. अंगाची पकड प्लास्टिकच्या पकडीपेक्षा मोठी. म्हणून खाली जाताना टॉवेल आपल्याबरोबर येतो. वर सरकताना मात्र आपण ढुंगण उचलून सरकतो, त्यामुळे टॉवेल खालीच राहतो. दर वेळी दोन-तीन बोटं. सकाळपासून दुपारपर्यंत त्याची चुंबळ होऊन कमरेखाली बसते.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि मी दोन्हींना एकच समजत होते. रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल वारा नेतो. बसलेल्या माणसाखालचा टॉवेल माणूसच नेतो. चिमटे, दगड, क्लिपा हे सगळं कडेला लागतं, कड धरून ठेवतं. पण खाली ओढणारा जोर मधून येतो, साठ-सत्तर किलोच्या अंगाचा, आणि तो कडेच्या चिमट्याला सहज सोडवतो. टॉवेल धरायचा तर वरून धरायला हवा होता. डोक्याकडून.

हे कळलं, पण कसं धरायचं ते कळायला आणखी महिना गेला. निवासाच्या कागदांसाठी मला मालवणला एका कचेरीत जावं लागलं. साहेब जागेवर नव्हते, बाकड्यावर बसून राहिले. समोर साहेबांची खुर्ची. आणि खुर्चीच्या पाठीवर, आपल्याकडे जिथे तिथे असतो तसा, पांढरा टर्किश टॉवेल. कितीतरी वर्षं बघते आहे मी ते टॉवेल, कचेऱ्यांत, बँकेत, दवाखान्यात. पण त्या दिवशी माझ्या मनात एकच विचार आला, की हा का घसरत नाही? माणूस दिवसभर टेकतो, उठतो, बसतो. मी उठून खुर्चीमागे गेले. शिपाईदादांनी विचारलं, "ताई, काय बघताय?" मी म्हटलं, "टॉवेल बघू का जरा?" त्यांनी मान हलवली.

टॉवेल नुसता टाकलेला नव्हता. वरचा भाग मागे दुमडून दोन्ही कडांना शिवला होता. खुर्चीच्या माथ्यावर तो उशीला अभ्रा चढवावा तसा चढवला होता. वरून कितीही ओढा, खुर्चीचा माथाच त्याला अडवतो. चिमटा नाही, टाचणी नाही, नाडी नाही. शिवण साधी हाताची होती, जाड पांढऱ्या दोऱ्याची, आणि एका कोपऱ्यात उसवून पुन्हा घातलेली. कुणीतरी घरी बसून हे शिवलं होतं. मी बोटं घालून खोळीची खोली मोजली. एक वीत आणि वर अंगठा.

त्या दिवशी कागदांचं काम झालं नाही. मी घरी परत आले ती आनंदात आले.

आता शिवणकाम. आमच्या टेलरकाकांकडे गेले तर ते आधी थबकले. "टॉवेलाक कसली खोळ घालतत?" त्यांचं बरोबर होतं, ते परकर, गाऊन, पडदे शिवणारे. त्यांना मी अंगणात आणून खुर्ची दाखवली, पाठ वर करून, खाली करून दाखवली. मग त्यांनी स्वतः गळ्यातली टेप काढून मापं घेतली आणि नंतरची निम्मी अक्कल त्यांचीच आहे.

टॉवेल मी सोलापूरचेच घेते. सोलापुरी चादरीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं तिथल्या टेरी, म्हणजे फासांच्या विणीच्या, टॉवेललाही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नेहमीचा अंगाचा टॉवेल 30 इंच बाय 60 इंच असतो. दुकानात जीएसएम विचारतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मी 400 च्या आसपासचा घेते. या मापाचा टॉवेल मग पाऊण किलोही होत नाही, साडेचारशे-पावणेपाचशे ग्रॅम भरतो. हॉटेलात असतात तसे 600 चे जाडजूड टॉवेल हाताला छान लागतात, पण आमच्या दमट हवेत ते दिवसभरात वाळत नाहीत आणि संध्याकाळी कुबट वास मारतात.

रुंदी 30 इंच बरोबर बसते. खुर्ची 24 इंच, तिच्या दोन कडांची जाडी धरून शिवणीसह 28 इंचांची खोळ लागते. फार घट्ट केली तर ओला टॉवेल चढत नाही, आणि पाहुणे ओढून शिवण उसवतात. चढवताना दोन्ही हातांची चार-चार बोटं आत सहज जातील एवढी सैल हवी. लांबी मात्र कमी पडते. खुर्ची 75 इंच. टॉवेलचाच वरचा भाग दुमडून खोळ केली तर 60 चे 50 राहतात आणि गुडघ्यापाशीच संपतात. म्हणून टेलरकाकांनी सांगितलं की खोळीसाठी वेगळं कापड लावा, टॉवेल पूर्ण वापरा. त्यांनी मांजरपाट सुचवला. मांजरपाट जाडाभरडा, टिकाऊ, आणि तो टेरीसारखा पाणी धरून बसत नाही. मागच्या बाजूला 12 इंच खोल मांजरपाटाची खोळ, पुढे टॉवेल. कचेरीतल्या खोळीपेक्षा ही खोल ठेवली, कारण तिथे माणूस बसतो, इथे लोळतो.

पायाकडेही मांजरपाटाचा 18 इंचांचा तुकडा जोडला. हे मी आधी काटकसर म्हणून केलं, पण झालं फार चांगलं. समुद्रावरून येणारा माणूस पायाला वाळू घेऊनच येतो. टेरीच्या फासांत वाळू शिरली की ती झटकून निघत नाही, धुतानाही तळाशी बसते. सपाट मांजरपाटावरची वाळू हाताने एकदा झाडली की गेली. आता पाय मांजरपाटावर आणि अंग टॉवेलवर.

एक मोठी चूक झाली ती पहिल्या दोनांत. नवा टॉवेल आणि नवा मांजरपाट तसेच जोडले. पहिल्या धुण्यात दोन्ही आटले, आणि वेगवेगळे आटले. जोडावर अशा चुण्या आल्या की मानेखाली टोचायला लागलं. म्हणून आता दोन्ही कापडं आधी दोनदा धुवायची, कडक वाळवायची आणि मगच कात्री लावायची. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोऱ्याची शिवण दमट हवेत पहिल्याच हंगामात कुजली. मशीनला 16 नंबरची सुई, टाका लांब. टेरीवर बारीक टाका घातला की फास दबून शिवण कडक होते. आणि खोळीचे दोन खालचे कोपरे, जिथे सगळा ताण येतो, तिथे पिशवीच्या बंदाला घालतात तसा चौकटीत फुलीचा टाका. तो घातल्यापासून एकही खोळ उसवलेली नाही.

पहिली खोळ चढवली त्या दुपारी मी पुन्हा खडू घेतला. तीच खाच, तेच ओले केस, तेच उठणं-बसणं. अर्ध्या तासाने वरची कड होती तिथेच. मध्ये पाठीखाली थोडी सुरकुती आली होती, हाताने ओढली की सरळ झाली. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी येऊन खोळीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्यां बरां केलंस." आमच्या सासूबाईंच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ.

माणसाचा प्रश्न सुटला, वाऱ्याचा राहिला. डोकं बांधलेला टॉवेल उडून जात नाही, पण पायाकडचं टोक वारा उचलतो आणि शिडासारखं फडफडवतो. आमच्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून, म्हणजे पश्चिमेकडे पाय. वारा वायव्येचा, तो पायाकडूनच आत शिरतो. खुर्च्या उलट्या फिरवल्या तर उभी पाठ वारा अडवते आणि टॉवेल हलतसुद्धा नाही, पण समुद्र पाठीमागे जातो. इतक्या लांबून आलेल्या माणसाला समुद्राकडे पाठ करून बसवायचं माझ्या मनाला पटेना. थोड्या तिरक्या केल्या, नैऋत्येकडे पाय करून. सूर्यास्तही दिसतो आणि वारा थेट आत घुसत नाही. फरक पडला, पण पुरता नाही.

टोकाला वजन हवं होतं. ह्यांनी सुचवलं जाळ्याचं शिसं. रापणीच्या जाळ्याला खालच्या दोरीत वजनं ओवतात, वरच्या दोरीत तरंगणाऱ्या बोया, म्हणून जाळं पाण्यात उभं राहतं. वर बांधलेलं, खाली जड. टॉवेललाही तेच हवं, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर. पण शिसं मी नको म्हटलं. लहान मुलं कापडाची टोकं चोखतात, आणि शिसं पोटात जाणं चांगलं नव्हे. वाळूच्या पुरचुंड्या शिवून बघितल्या, धुताना फुटल्या. गोटे घातले, मशीनच्या ड्रममध्ये असे आदळले की शेजारीण विचारायला आली.

शेवटी मांजरपाटाच्या टोकाला नेफा शिवला, परकराला असतो तसा, पण तीन इंच रुंद आणि दोन्हीकडून उघडा. त्यात घरातल्या होडीची जुनी नांगराची दोरी, इंचभर जाडीची, नायलॉनची, दोन फुटांचा तुकडा. हातात घेतला की दोन-अडीचशे ग्रॅम सहज भरतो. पायाला लागली तरी टोचत नाही, भिजली तरी रंग सोडत नाही. आधी मी काथ्याची घातली होती, तिने पहिल्याच पाण्याला मांजरपाट तपकिरी केला. दोरीची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून घ्यायची, नाहीतर धागे सुटतात. नेफा खुर्चीच्या पायाकडच्या कडेवरून खाली लोंबतो, म्हणजे दोरी पोटरीखाली येत नाही. धुवायच्या आधी दोरी ओढून काढायची, बस्स.

वापरातल्या दोन-चार बारीक गोष्टी सांगते, त्या कुणी सांगत नाही. कपडे मऊ करायचं जे द्रव मिळतं ते या टॉवेलांना लावू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो, टॉवेल पाणी कमी पितो आणि बुळबुळीत होऊन जास्त घसरतो. एका बाजूला फास आणि दुसऱ्या बाजूला मखमलीसारखी कातरलेली बाजू असलेले टॉवेल येतात, त्यांची फासांची बाजू खाली घ्यायची, ती फळ्यांच्या फटींत थोडी रुतते. अंगाला खोबरेल किंवा उन्हाचं क्रीम लावून झोपणाऱ्यांचे टॉवेल वेगळे भिजवायचे, गरम पाण्यात, नाहीतर तेल सगळ्यांना लागतं. सुरूच्या सुया फासांत अडकतात, त्या ओल्या टॉवेलवरून काढायच्या नाहीत, तुटून निम्म्या आत राहतात. पूर्ण वाळल्यावर झटकल्या की आपोआप पडतात.

आणि खोळ घातली म्हणून ऊन विसरायचं नाही. मी आता दर तासाला बाहेर चक्कर मारते. सावली कुठे गेली ते बघते, खुर्ची रिकामी असेल तर टॉवेलखाली हात घालून प्लास्टिक किती तापलंय ते बघते. वयस्क पाहुणे असतील तर खुर्ची आधीच सावलीच्या पूर्वेला सरकवून ठेवते, कारण दुपारनंतर सावली पूर्वेकडेच लांबत जाते.

आजी गेल्या जानेवारीत पुन्हा आल्या. या वेळी काठी नव्हती. दुपारी लाउंजरवर टेकण्याआधी त्यांनी मागे वळून उजवा हात पाठीवर फिरवला, टॉवेल आहे ना ते बघायला. मला आत काहीतरी लागलं. दुसऱ्या दिवशीही फिरवला. तिसऱ्या दिवशी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि तशाच मागे टेकल्या.

आता पावसाळ्याआधी सगळे बारा टॉवेल धुऊन, दोऱ्या काढून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत जातील. त्यांतल्या तीन खोळी माथ्यावर विरायला लागल्या आहेत, जिथे खुर्चीची कड घासते तिथे. टेलरकाका म्हणाले, आतून मांजरपाटाची दुहेरी पट्टी लावू. त्या तीन मी बाजूला काढून ठेवल्या आहेत.